मी वॉज गिव्हन अ सायकल

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोटो आला व्हॉट्सॲपवर, वर्कशीटचा, वाकडा काढलेला, अर्ध्या पानावर त्याच्याच हाताची सावली. खाली मेसेज, आत्या हे दोन ऑब्जेक्टवालं पॅसिव्ह सांग ना, गाइडमध्ये एकाच वाक्याची दोन उत्तरं दिलीत, कुठलं लिहू. वाक्य होतं, 'माय अंकल गेव्ह मी अ वॉच.' आणि गाइडची उत्तरं, 'आय वॉज गिव्हन अ वॉच बाय माय अंकल' आणि 'अ वॉच वॉज गिव्हन टु मी बाय माय अंकल'. मी टाइप केलं, दोन्ही बरोबर, पहिलं लिही, जास्त चांगलं दिसतं. दोन मिनिटं शांतता. मला वाटलं झोपला. तर परत मेसेज, 'पण मला दिलंय ना घड्याळ? मग मलाचं आय कसं झालं? मी थोडाच दिला गेलो?'

फोन हातात घेऊन बसले मी. कारण हाच प्रश्न मी नववीत विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता, आणि न विचारल्याची शिक्षा पण भोगली होती.

आमची पिढी पाचवीत एबीसीडी शिकलेली. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, आम्ही त्याच्या आधीचे. नववीला सरांनी व्हॉइस घेतला. सरांची पद्धत म्हणजे गवंड्यासारखी, फळ्यावर वाक्य लिहायचं आणि खडूने बाण काढायचे, हे कर्म उचलायचं, इकडे पुढे आणायचं, कर्त्याला बाय लावून मागं ढकलायचं, मध्ये टु बीचं रूप आणि क्रियापदाचा तिसरा फॉर्म, झालं. राम ईट्स अ मँगो, अ मँगो इज ईटन बाय राम. रामाने किती आंबे खाल्ले असतील त्या वर्षी देव जाणे. मग एके दिवशी सरांनी 'माय फादर गेव्ह मी अ सायकल' लिहिलं आणि मला उठवलं. (सायकल नव्हे, बायसिकल म्हणायचं, पण तासगावात बायसिकल कोण म्हणतं.) मी सांगितल्याप्रमाणे केलं. कर्म उचललं, पुढे आणलं. 'मी वॉज गिव्हन अ सायकल बाय माय फादर.'

वर्ग खदाखदा हसला. सर म्हणाले, मी वॉज? उद्या मी वेंट, मी केम म्हणशील. वीस वेळा लिहून आण. आणलं. वर्षभर मुलं मला 'मी वॉज' म्हणायची, एकजण तर अजून म्हणतो, आता त्याची स्वतःची मुलगी दहावीला आहे.

माझं चुकलं कुठे ते मला तेव्हा कळलंच नाही. उचलून पुढे ठेवा म्हणाले म्हणून ठेवलं, जागा बदलली की कपडेपण बदलायचे हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि मराठीत तर बदलत नाहीतच. बाबांनी मला सायकल दिली. मला बाबांनी सायकल दिली. सायकल मला दिली बाबांनी. दिली मला बाबांनी सायकल, एकदाची. शब्द कुठेही फिरवा, 'मला' हे 'मला'च राहतं, आणि कोणी दिली, कोणाला दिली यात तसूभर फरक पडत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातला तो नवीन कर्मणी प्रयोग आहे ना, एमपीएससीवाल्यांना पाठ असतो, इंग्रजीच्या पॅसिव्हसारखा 'कडून' लावून करायचा, त्यात घाला, 'बाबांकडून मला सायकल दिली गेली'. कसंतरी वाटतं ऐकायला, बाबांनी सायकल पोस्टाने पाठवल्यासारखं, पण 'मला' तिथेही हललं नाही.

बी.ए.ला मी इंग्लिश स्पेशल घेतलं, त्या वीस ओळींचा सूड म्हणून असेल कदाचित. आणि तिथे शेवटच्या वर्षाला भाषेच्या इतिहासाचा पेपर होता, सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा, आमच्या वर्गात तो पेपर म्हणजे झोपेचा तास. मी मात्र एका दुपारी लायब्ररीत पंख्याखाली बसून वाचता वाचता ताडकन उठले. कारण तिथे लिहिलं होतं की जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या, नामांना आपल्यासारख्याच विभक्ती लागायच्या. राजा म्हणजे क्युनिंग, राजाला म्हणजे क्युनिंगे. आणि असं वाक्य पॅसिव्ह केलं की फक्त वस्तूच कर्ता व्हायची, ज्याला दिलं तो आपला चतुर्थीतच, वाक्यात पुढे आला तरी चतुर्थीतच. म्हणजे 'हिम वॉज गिव्हन अ बुक' या धर्तीचं वाक्य तेव्हा बरोबर होतं. त्याला पुस्तक दिलं गेलं. म्हणजे 'मी वॉज गिव्हन'सुद्धा बरोबर होतं की! मी चुकले नव्हते, मला फक्त सहाशे-सातशे वर्षं उशीर झाला होता.

मग बिघडलं काय, तर शेपट्या गळाल्या. क्युनिंगेचा तो शेवटचा ए बोलता बोलता झिजला, राजा आणि राजाला सारखेच ऐकू यायला लागले. आपल्याकडे कल्पना करा 'राजा पुस्तक दिलं' असं कोणी म्हणालं तर, ऐकणाऱ्याने काय समजायचं? इंग्रजांनी मग असं समजायला सुरुवात केली की क्रियापदाच्या आधी जो बसलाय तोच कर्ता. खुर्चीवर बसला तो साहेब. आणि एकदा राजाला कर्ता मानला की मग त्याच्या जागी सर्वनाम टाकताना हिम कसं टाकणार, ही झालं. साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकापासून हे 'ही वॉज गिव्हन' दिसायला लागतं आणि पुढे इतकं रुळतं की जुनंच वाक्य चूक ठरतं.

ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषापंडिताने याच बदलाच्या भावंडाचं एक छान उदाहरण रचलेलं आहे, 'द किंग लाइक्ड पेअर्स' या वाक्याचं. राजाला नासपती आवडायच्या. जुन्या इंग्रजीत या वाक्यात राजा चतुर्थीत आणि क्रियापद नासपतींप्रमाणे अनेकवचनी, हुबेहूब आपलं वाक्य, आवडायच्या! मग शेपट्या गळत गळत शेवटी राजा कर्ता होऊन बसला आणि नासपती कर्म झाल्या. मराठीत राजाला अजून नासपती 'आवडतात', राजा नासपतींना काही करत नाही, त्याच येऊन त्याला आवडतात. मला हे फार गोड वाटतं. आणि ते शेक्सपिअरच्या नाटकांत सारखं येतं ते 'मिथिंक्स', ते काय आहे, तर 'मला वाटतं'. शब्दाला शब्द. त्यातला 'मी' म्हणजे मला, आणि 'थिंक्स' म्हणजे वाटतं, विचार करतोवाला थिंक नाही, तो वेगळा होता, दोघांचा नंतर एकच झाला. 'इफ यू प्लीज'मधला यू पण मूळचा 'तुम्हाला'च, तुम्हाला आवडत असेल तर. म्हणजे इंग्रजांच्या माळ्यावर आपली 'मला' 'तुम्हाला' जुन्या ट्रंकेत पडलेली आहेत, कधीमधी सणावाराला काढतात.

हे सगळं त्या रात्री भाच्याला कसं सांगणार, सकाळी त्याची युनिट टेस्ट. म्हणून मी त्याला एक युक्ती सांगितली, जी मला कोणी शिकवली नाही, शिकवण्या घेता घेता सापडली. मुलांचा मुख्य घोळ काय होतो, तर दोन कर्मांतलं डायरेक्ट कुठलं आणि इनडायरेक्ट कुठलं. गाइडमध्ये लिहितात 'काय' विचारा आणि 'कोणाला' विचारा, ठीक आहे, चालतं. पण मराठी मुलाच्या कानात याहून पक्कं यंत्र आधीच बसवलेलं आहे. वाक्य मराठीत भूतकाळात बोलून बघायचं. काकांनी मला घड्याळ दिलं. काकांनी मला बॅट दिली. काकांनी मला चेंडू दिला. काकांनी मला पुस्तकं दिली. क्रियापद कोणाच्या मागे पळतंय? घड्याळाच्या, बॅटच्या, चेंडूच्या. आता 'मला' काढून 'ताईला' घाला, 'दादाला' घाला, 'आम्हा सगळ्यांना' घाला, क्रियापद ढिम्म हलत नाही. ज्याच्या मागे क्रियापद पळतं ते डायरेक्ट ऑब्जेक्ट, ज्याला ते भीक घालत नाही ते इनडायरेक्ट. भाचा म्हणाला, अरे हो! आणि मला एकदम सरांच्या वर्गात उभं राहून हे सांगावंसं वाटलं, पण सर रिटायर होऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

लगेच पुढचं वाक्य आलं. 'दे मेड हिम कॅप्टन.' याचेपण दोन करायचे का?

ही खरी मेख. दिसायला दोन कर्मं, पण आहे एकच. कॅप्टन हे त्याला दिलेलं काही नाही, तोच कॅप्टन आहे. त्यामुळे 'ही वॉज मेड कॅप्टन' एवढंच होतं, 'कॅप्टन वॉज मेड हिम' लिहिलं तर मार्क गेला. आणि इथेसुद्धा मराठी कान साथ देतो बघा, आईने त्याला चहा केला, पण टीमने त्याला कॅप्टन केलं. कॅप्टन पुल्लिंगी असूनही बहुतेक जण 'केलं'च म्हणतील, क्रियापद कॅप्टनच्या मागे पळत नाही, नपुंसकलिंगात तटस्थ उभं राहतं, कारण पळण्यासारखं दुसरं कर्मच नाही. व्याकरणात याला भावे प्रयोग म्हणतात. शाळेत भावे प्रयोग मराठीच्या तासाला आणि व्हॉइस इंग्रजीच्या तासाला, दोन्हींच्या मध्ये पीटीचा तास, त्यामुळे दोघांची भेट कधी होतच नाही.

चहाचं निघालंच आहे तर तेपण. आईने मला चहा केला, आईने मला स्वेटर विणला, बाबांनी मला सायकल दिली, आपलं सगळीकडे 'मला'. इंग्रजीत मात्र देणं, सांगणं, पाठवणं, दाखवणं याला 'टु', आणि करणं, विणणं, विकत घेणं याला 'फॉर'. पॅसिव्ह करताना हा फरक उघडा पडतो. 'अ सायकल वॉज गिव्हन टु मी', पण 'अ स्वेटर वॉज निटेड फॉर मी'. आणि फॉरवाल्यांत माणसाला पुढे आणलेलं इंग्रजी कानाला बहुतेकदा खटकतं. 'आय वॉज मेड टी' म्हणालात तर ऐकणारा एक क्षण बघेल तुमच्याकडे, बाईंचा चहा केला की काय. आमच्याकडे शिकवणीला येणारी पोरं सरसकट टु लावतात, त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही मला, त्यांची 'ला' प्रामाणिक आहे.

मधेच एक सांगते, कारण संस्कृतवाले वाचत असतील तर म्हणतील यात काय विशेष. दोन कर्मांतलं पॅसिव्हमध्ये पुढे कोणी यायचं हे भांडण संस्कृतवाल्यांनी फार आधी सोडवलंय. द्विकर्मक धातू मोजून सोळा सांगितलेत, दुह्, याच्, पच् करत यादीच आहे श्लोकातली, आणि कर्मणीचा नियम अर्ध्या ओळीत, 'गौणे कर्मणि दुह्यादेः प्रधाने नीहृकृष्वहाम्'. दूध काढणे वगैरे बारा धातूंचं कर्मणी केलं तर गौण कर्म प्रथमेत येतं, म्हणजे गाय पुढे येते, दूध द्वितीयेतच राहतं. आणि नेणे, ओढणे वगैरे चार धातूंना मुख्य कर्म पुढे, म्हणजे शेळीला गावात नेलं तर शेळी प्रथमेत येणार, गाव नाही. विचारणे हा धातू पहिल्या बारांत. मुलाला वाट विचारली तर संस्कृतात मुलगा प्रथमेत येतो, 'द बॉय वॉज आस्क्ड द वे'सारखाच. पण देणे हा धातू यादीतच नाही! देण्यात ज्याला दिलं तो संप्रदान, चतुर्थी, त्याला कर्म मानलेलंच नाही, मग पुढे येण्याचा प्रश्नच मिटला. घेणाऱ्याला कर्ता करण्याची उठाठेव संस्कृतने केली नाही, मराठीने केली नाही, जर्मन नेहमीच्या पॅसिव्हमध्ये अजून करत नाही, तिथे आजही 'मला पुस्तक दिलं गेलं' म्हणताना 'मीर' म्हणजे 'मला'च म्हणतात. इंग्रजीने केली. केली म्हणण्यापेक्षा तिच्याकडून झाली.

आणि एकदा झाल्यावर ती सोय फार कामाला आली हेही खरं. इंग्रजीत शब्द आपल्यासारखे कुठेही फिरवता येत नाहीत, 'मी माय फादर गेव्ह अ सायकल' म्हटलं तर कुणालाच काही कळणार नाही. गोष्ट माझी चालली असेल तर मला पुढे यायला पॅसिव्हचाच जिना चढावा लागतो. म्हणून गाइडमधलं पहिलं उत्तर जास्त चांगलं दिसतं, नुसतं दिसण्याचा भाग नाही तो, बोलणं माणसाविषयी असतं, घड्याळाविषयी क्वचित. घड्याळ हरवलं असेल आणि पोलिस विचारत असतील की हे कुठून आलं, तेव्हा दुसरं उत्तर लिहा.

पण सगळी क्रियापदं या जिन्यावर चढत नाहीत. गिव्ह, टेल, सेंड, शो, टीच ही जुनी घरची क्रियापदं चढतात. लॅटिन-फ्रेंचकडून आलेली बरीचशी चढत नाहीत, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट. नियम पक्का नाही, ऑफर आणि प्रॉमिस बाहेरून आलेली असून चढतात, पण एक्सप्लेन नाहीच. 'ही एक्सप्लेन्ड मी द सम' चूक, 'एक्सप्लेन्ड द सम टु मी' हवं, आणि म्हणून 'आय वॉज एक्सप्लेन्ड' तर डबल चूक. त्याचा अर्थ होतो मीच उलगडून सांगितले गेले, गणिताच्या जागी मी.

आणि हे वाक्य मी आपल्या देशात जिथे जिथे बघितलंय त्यात सगळ्यात जास्त दवाखान्यांत. गेल्या वर्षी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं मिरजेला. आदल्या रात्री सिस्टर फॉर्म घेऊन आल्या, सही करा. इंग्रजी फॉर्म. 'आय हॅव्ह बीन एक्सप्लेन्ड द रिस्क्स इन अ लँग्वेज आय अंडरस्टँड.' मला समजणाऱ्या भाषेत सांगितलंय, हे बाबांना न समजणाऱ्या भाषेत. माझ्यातली शिकवणीवाली बाई आधी जागी झाली, एक्सप्लेनला दोन ऑब्जेक्ट चालत नाहीत वगैरे, तिला मी गप्प केलं. पानाच्या मागे मराठी पण होतं, 'मला समजेल अशा भाषेत सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत.' आपला सरकारी पॅसिव्ह. आपणास कळविण्यात येते की. नोटीस बजावण्यात येत आहे. घरकुल मंजूर करण्यात आले आहे, रद्द करण्यात आले आहे. घेणारा जागच्या जागी 'आपणास' होऊन उभा, आणि देणारा गायब. इंग्रजीत निदान शेवटी बाय लावून त्याला शोधायची एक खुंटी तरी असते, आपल्या 'येते'ला 'कोणाकडून' विचारायची सवयच नाही कुणाला.

मी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी चष्मा काढला. म्हणाले, कोणी?

कोणी काय?

कोणी समजावून सांगण्यात आलं?

सिस्टर म्हणाल्या, अहो बाबा, ते फॉर्मवर असतंच तसं, सगळेच करतात सही. बाबा म्हणाले, असू दे की, मी नाही कुठं म्हणतोय, पण मला कोणी सांगितलं ते तरी सांगा. बाबांचं शिक्षण जुनी सातवी, कर्मणी-भावे त्यांनी कधी केलं असेल तर विसरले असतील, पण द्राक्षाच्या व्यापाऱ्यांशी चाळीस वर्षं व्यवहार केलेला माणूस, कोण देणार, कोणाला देणार आणि किती, या तीन गोष्टींशिवाय वाक्य पुरं होतं हे त्यांना मान्यच नाही. मी ओशाळले थोडी, म्हटलं करा ना सही. नाही केली.

शेवटी पावणेअकराला एक तरुण डॉक्टर आले, डोळे तांबारलेले, दिवसभर उभा असणार पोरगा. खुर्ची ओढून बसले आणि फाइलच्या पाठीवर बॉलपेनने चित्र काढलं, हे पोटाचे स्नायू, इथे फट पडलीय, इथून आतडं बाहेर येतंय, इथे जाळी बसवणार, टाके असे. बाबांनी विचारलं जाळी गंजत नाही ना. डॉक्टर हसले, म्हणाले प्लास्टिकची असते. मग काय काय बिघडू शकतं तेपण सांगितलं, लपवलं नाही, जाळीला जंतू धरू शकतात, परत होऊ शकतं. दहा मिनिटं. बाबांनी शेवटी विचारलं छाटणीच्या आधी बागेत जाता येईल का, ते म्हणाले जाता येईल, वाकायचं नाही.

मग बाबांनी पेन मागितलं. सही केली, मोडी वळणाची आहे अजून त्यांची. आणि फॉर्म माझ्याकडे देऊन म्हणाले, आता ते वर लिही, ह्या डॉक्टरांनी मला सांगितलं म्हणून. जागा नव्हती, समासात बारीक अक्षरात लिहिलं मी. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं.